छत्तीस टक्के घट

सकाळी सव्वासातला, मिनीबसच्या थांब्याजवळ, भोपळ्याचा वाळवलेला पाला विकणारी एक बाई गिऱ्हाइकाशी भांडत होती. तो म्हणत होता, परवा या टोपलीला शीग होती, आज तळ दिसतोय, आणि तू म्हणतेस अजून बोहनी झाली नाही? बाईने टोपली उचलून त्याच्या नाकाखाली धरली. "अरे, ऊन खातं! ऊन काय मला विचारून खातं? तुझ्या आईने कधी पाला वाळवला नाही वाटतं घरात!" लोक हसले. मीही हसले. हसू तोंडावर असतानाच मी थबकले, उतरताना जिन्याची एक पायरी कमी निघावी तशी. मला थेंब आठवले. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर पावसाळ्यात, ठाण्याच्या आवारात, पोत्यातून वजनकाट्याच्या पत्र्यावर पडणारे थेंब. टप्, आणि मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा टप्. मी तिथे उभी होते. माझे बूट भिजले होते आणि मोज्यांतून थंडावा वर चढत होता. काटा शेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅमवर थांबला, तेव्हा मीच तो आकडा मोठ्याने वाचला होता.

आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. समोरच्या पिंजऱ्यात सार्जंट लॅक्सन न्यादानी आहेत, वय चोपन्न, एकोणीस वर्षं आमच्या ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीचे राखणदार. त्यांच्यावर आरोप असा की, त्यांच्या ताब्यातल्या गांजातला सोळा किलो सातशे ग्रॅम त्यांनी चोरून बाहेर काढला. ऑगस्टमध्ये ती खोली तपासणारी आणि तूट शोधून काढणारी मी, सब-इन्स्पेक्टर एनेलेस चिपेटा. सरकारतर्फे साक्षीदार क्रमांक एक, आणि खरं तर एकुलती एक. आम्हा दोघांच्या मध्ये, सिमेंटच्या जमिनीवर, तो गांजा आहे. पाच पोती. खिडकीतून ऑक्टोबरचं ऊन त्यांच्यावर पडलंय आणि खोलीभर सुक्या गवताचा, किंचित गोड, घशाला लागणारा वास आहे.

"पहिल्या वजनाच्या वेळी किती भरलं?" सरकारी बाजू चालवणारे इन्स्पेक्टर मालुंगा विचारतात.

"शेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम."

आणि मी थांबते. आमच्या खालच्या कोर्टात साक्ष मॅजिस्ट्रेट स्वतः हाताने लिहून घेतात. मॅजिस्ट्रेट चिसिझांचं अक्षर मोठं आहे आणि मनगट दुखरं. तीन-चार ओळी झाल्या की ते हात झटकतात. तोवर सगळ्यांनी गप्प राहायचं. हे मला विद्यापीठाने शिकवलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझी पहिली साक्ष होती. मी पाठ केलेलं सगळं एका दमात ओकत होते, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कपाळावरची शीर फुगत चालली होती. तेवढ्यात मागच्या बाकावर मला न्यादानी दिसले. उजव्या हाताचं एक बोट ते हवेत हळूहळू खाली दाबत होते, झोपत नसलेल्या पोराला थोपटावं तसं. नंतर बाहेर म्हणाले, "साहेबांच्या तोंडाकडे काय बघतेस गं? पेनाकडे बघ. पेन पळतंय तोवर तू उभं राहायचं. पेन थांबलं की मग तू चाल." तेव्हापासून मी पेनाकडेच बघते. आजही बघतेय. निळी रीफिल, टोकापाशी चघळलेलं टोपण. 'दोनशे ग्रॅम' लिहून होईपर्यंत साधारण नऊ सेकंद. नऊ सेकंदांत माणूस कुठेकुठे जाऊन येऊ शकतो.

ठाण्यात रुजू झाले त्या पहिल्या दिवशी त्यांना बघून मी एक गुडघा टेकवला होता. आमच्याकडे मुलींनी वडीलधाऱ्यांना असंच वंदन करायचं असतं, गुडघा आपोआप वाकतो. ते दचकून दोन पावलं मागे सरले. "ए पोरी, ऊठ, ऊठ! वर्दीला गुडघा नसतो." सगळं ठाणं हसलं. सगळे त्यांना 'मादाला' म्हणायचे, म्हणजे म्हातारबा, आणि मीही म्हणायला लागले. त्या वेळी मुद्देमालाच्या खोलीची किल्ली चहाच्या किटलीमागे एका खिळ्याला लटकलेली असायची. ज्याला पाहिजे त्याने घ्यावी. चाकू, फोन, सायकली, गांजा, सगळं त्या खोलीत, आणि नोंदवहीत 'एक पोतं, काहीतरी' अशा नोंदी. मी विज्ञान शिकून पोलिसात आले होते आणि शनिवार-रविवारी विद्यापीठात फौजदारी न्यायाच्या पदवीचे वर्ग करत होते. ती खोली पाहून मला जो आनंद झाला, तो मी कुणाला सांगू शकले नसते. मला माझ्या प्रबंधाचा विषय मिळाला होता.

"आणि एकोणीस ऑगस्टला?"

"एकोणतीस किलो पाचशे ग्रॅम."

पेन. डॉक्टर सांगाला, आमचे प्राध्यापक, पहिल्या तासाला वर्गात आले आणि बसायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, ही पदवी कशासाठी? चाळीस जण होतो, निम्मे वर्दीतले. "प्रमोशनसाठी," एकजण म्हणाला. "सासुरवाडीला दाखवायला," दुसरा म्हणाला, आणि वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: संशयाला जागा उरू नये म्हणून. मी ते वहीत उतरवलं आणि पट्टी लावून खाली रेघ मारली. पुढे त्यांनी आम्हांला शिकवलं की, पुरावा हातातून हातात कसा जातो, प्रत्येक हाताची सही का लागते. पुरावा आपोआप कमी होत नाही, ते म्हणायचे, कुणीतरी तो कमी करतं. मला ते वाक्य एखाद्या नियमासारखं सुंदर वाटलं होतं. वस्तुमान नाहीसं होत नाही, ते कुठेतरी जातं. कुठे, एवढंच शोधायचं.

आणि मी ती खोली बदलली. दीड वर्ष, ड्यूटी संपल्यावर, न्यादानी माझ्यासोबत बसायचे. वर्गाच्या दिवशी माझी पाळी ते स्वतः करायचे आणि सोमवारी विचारायचे, "हं, या खेपेला काय नवीन शिकवलं, सांग." मी सांगायचे. ते चष्मा लावून ऐकायचे, कधी उलटा प्रश्न टाकायचे, पण लिहिलेल्या गोष्टीवर कधी वाद घालायचे नाहीत. किल्ली खिळ्यावरून निघाली आणि एका सुतळीने त्यांच्या गळ्यात गेली. दुसरी किल्ली आम्ही वितळवून टाकली, तसा कागद केला, दोघांनी सह्या केल्या. "आता अंघोळीलाही ही बरोबर असते," ते सगळ्यांना सांगायचे. "बायको म्हणते, तिच्याशीच लग्न करायचं होतंत." माझ्या प्रबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. त्या दिवशी त्यांनी ठाण्यात सगळ्यांना शेंगदाणे वाटले, जणू त्यांचीच पोरगी पास झाली.

"या दोन तारखांच्या मध्ये खोलीत दुसरं कुणी जाऊ शकत होतं का?" मालुंगांचा आवाज मऊ आहे. हा त्यांचा आवडता प्रश्न.

"नाही. किल्ली एकच आहे. ती आरोपीच्या गळ्यात असते. नोंदवहीप्रमाणे त्यांच्याशिवाय कुणीही एकट्याने आत गेलेलं नाही."

प्रत्येक शब्द खरा. त्या खिळ्यावर किल्ली असती तर आज या खोलीत वीस माणसांवर संशय घेता आला असता, आणि वीस माणसांवरचा संशय म्हणजे कुणावरच नाही. मी एकेक करून एकोणीस माणसं खोलीबाहेर काढली आणि दार लावून घेतलं. आत एकच राहिला.

साडेआठला मी मालुंगांना कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं होतं. ते कागदात गुंडाळलेला तळलेला पाव खात होते. मी म्हटलं, "सर, ते वाळलंय."

"काय वाळलंय?"

"माल. फेब्रुवारीत तो अर्धवट सुकलेला होता आणि वर पावसात भिजलेला. मी घट दहा टक्के धरली. पण तो आकडा कोरड्या मालाचा आहे. सुरुवातीला ओल किती होती ते मी धरलंच नाही. सुरुवातीची ओल बेचाळीस टक्के असेल तर हिशोब बरोबर जुळतो, आणि तेवढी असू शकते, सहज असू शकते."

त्यांनी बोटांचं तेल कागदाला पुसलं. "एनेलेस, अहवालावर सही कुणाची?"

"माझी."

"सहीखाली पदवी लिहिलीस?"

"हो."

"मग? पदवीपण वाळली का?" ते स्वतःच्या विनोदावर थोडं हसले, मग हसणं थांबवलं. "आणि ज्याच्या शेतातून हे आणलं तो? शेहेचाळीस किलोंवर आठ वर्षांची शिक्षा भोगतोय तो. त्याला जाऊन सांगणारेस, बाबा रे, त्यातलं निम्मंशिम्मं पाणी होतं? हे बघ बाई, मी विचारेन तेवढंच सांग. न विचारलेलं सांगायला गेलीस, तर सीमेवर ट्रक मोजत म्हातारी होशील. आणि तुझी खात्री आहे का? पूर्ण? त्याने चोरलं नाही म्हणून?"

खात्री नव्हती. हिशोब जुळतो याचा अर्थ एवढाच की, तसं झालेलं असू शकतं. ते वाळलेलंही असेल आणि त्यांनी थोडं काढलंही असेल. मी अजूनही त्याच जागी अडकले आहे. माणूस म्हणून मला वाटतं त्यांनी चोरलं नाही, पण वाटण्याला कसलंही वजन नसतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"आरोपीने त्या दिवशी काही खुलासा दिला?"

"समाधानकारक खुलासा दिला नाही."

पेन लिहितं. 'समाधानकारक' हा लांब शब्द आहे. एकोणीस ऑगस्टला दुपारी मी काट्यापाशी गणकयंत्र घेऊन बसले होते आणि ते माझ्या मागे उभे होते. "वाळलंय ते, पोरी," ते म्हणाले. मी मान वर न करता म्हटलं, "मादाला, वाळल्याचे दहा टक्के मी धरलेत. छत्तीस टक्के कुठे वाळतं?" त्यांनी माझ्या हातातला विद्यापीठाचा कागद घेतला, चष्मा लावला, बोट ठेवून तो आकडा वाचला. "इथे असं लिहिलंय?" मी म्हटलं, हो. "मग असेल," ते म्हणाले, आणि कागद परत दिला. त्यांचा आवाज चोराचा नव्हता, निर्दोष माणसाचाही नव्हता. शिकलेल्या माणसाने सांगितलेलं ऐकून घेणाऱ्याचा होता. मी अहवालात लिहिलं, समाधानकारक खुलासा नाही.

आणि माझे वडील तंबाखू पिकवायचे. कसुंगूकडे, दुसऱ्याच्या जमिनीवर. बारा वर्षांची होईपर्यंत मी शेतातून शेडमध्ये हिरव्या पानांचे भारे डोक्यावरून नेले आहेत, आणि सहा आठवड्यांनी तेच भारे शेडमधून बाहेर. जाताना मान खांद्यात रुतायची. येताना एका हाताने भारा धरून दुसऱ्या हाताने पेरू खात यायचे. माझ्या मानेला हे माहीत होतं. वडील एक पान कानाशी नेऊन चुरायचे आणि आवाजावरून सांगायचे, अजून दोन दिवस. शाळेच्या गणवेशाला तो वास येऊ नये म्हणून मी तो चुलीपासून आणि शेडपासून लांब, काकीच्या झोपडीत ठेवायचे. विद्यापीठात गेल्यावर कुणी विचारलं तर सांगायचे, वडील शेतकरी आहेत. कसले, ते नाही. मानेला माहीत असलेली गोष्ट मी अशीच कुठेतरी लांब ठेवून दिली असणार.

"माझे प्रश्न संपले," मालुंगा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता बसले.

मॅजिस्ट्रेटनी मनगट झटकलं. "आरोपी, तुम्हांला वकील नाही. या साक्षीदाराला तुम्ही स्वतः प्रश्न विचारू शकता. विचारा."

न्यादानी उठले. त्यांचा कोट दोन महिन्यांत मोठा झाला होता. गळ्याशी त्यांचा हात गेला, सुतळी असायची तिथे, आणि रिकामा खाली आला. विचारा, मी मनात म्हणत होते. वाळलं का, एवढं विचारा. पाऊस होता का, एवढं. एक प्रश्न, आणि मला उत्तर द्यावंच लागेल, मला काही ठरवावं लागणार नाही.

"प्रश्न नाही, साहेब," ते म्हणाले.

"नीट विचार करा. ही एवढीच साक्षीदार आहे."

"मला सांगायचं होतं ते मी तिला तेव्हाच सांगितलं, साहेब. ती शिकलेली आहे. आमच्या डोळ्यांपुढे शिकली. ती म्हणते तेवढं वाळत नाही, तर नसेल वाळत. मग ते कुठे गेलं, हे मला कळत नाही. पण मी नेलं नाही." आणि ते बसले.

पेनाने हे लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. मॅजिस्ट्रेट माझी साक्ष मोठ्याने वाचायला लागले, कारण सहीआधी ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते. मी प्रत्येक वाक्य तपासलं. तारीख बरोबर. वजन बरोबर. किल्ली बरोबर. खोटं शोधायला गेले तर एकही वाक्य हाताला लागेना. चारही भिंती गुळगुळीत होत्या, आणि बांधल्या मीच होत्या.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग सही करा आणि खाली उतरा." त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. ते त्यांच्या हाताने गरम झालेलं होतं. मी ते घेतलं, आणि सही केली नाही.

"मला मोजायचंय, साहेब."

"काय मोजायचंय?"

"जुड्या. पोत्यांतल्या. गांजाच्या जुड्या बांधलेल्या असतात, केळीच्या सोपटात. माल जप्त केला तेव्हा त्या किती होत्या ते नोंदवहीत आहे. फेब्रुवारीचं पान, शेवटचा रकाना. वजन कमी होऊ शकतं. जुड्या वाळून कमी होत नाहीत."

मालुंगा उठले. "साहेब, साक्षीदार सकाळपासून उभी आहे, तिला जरा..."

"तुम्ही बसा, बसून तुम्हीही थकला असाल," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि नोंदवही जवळ ओढली. पानं उलटली. थांबले. "'पाच पोती, जुड्या दोनशे बारा.' हे अक्षर कुणाचं?"

"आरोपीचं."

"आणि बाजूला पेन्सिलने लिहिलंय, 'अनावश्यक'. हे?"

"माझं, साहेब."

खोलीत कुणीतरी खाकरलं. रकाना फक्त वजनाचा आहे, शेऱ्यात पसारा नको, असं मी त्यांना रागावले होते. त्यानंतर त्यांनी जुड्या मोजणं सोडून दिलं. ही एक नोंद राहिली.

"मोजा," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

पोती जमिनीवर होती. मी पिंजऱ्यातून उतरले आणि गुडघ्यांवर बसले, आरोपीच्या पिंजऱ्यासमोर, वर्दीसकट. न्यादानींनी नजर दुसरीकडे वळवली. शिपायाने पहिलं पोतं सोडलं. जुड्या हलक्या होत्या, हातात घेतल्या की कुरकुरायच्या, आणि बारीक धूळ उडून नाकात जायची. मी दहा-दहाच्या रांगा लावल्या. मोठ्याने मोजत होते, आणि आत दुसरंच काही मोजत होते. समजा एकशेसत्तर निघाल्या तर? मग मीच, माझ्या हाताने, त्यांची शेवटची पळवाट बुजवलेली असेल. पहिल्या पोत्यात त्रेचाळीस. दुसऱ्यात बेचाळीस. तिसऱ्यात चव्वेचाळीस. चौथ्यात एक्केचाळीस. एकशेसत्तर. पाचवं पोतं बाकीच्यांपेक्षा सैल दिसत होतं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. शिपायाने पोतं उलटं करून झटकलं. कोपऱ्यात दुमडून बसलेली एक खाली पडली. एक्केचाळीस. मी पोत्यात हात घातला, कोपरे चाचपले. नुसता भुसा.

"दोनशे अकरा," मी म्हटलं. मालुंगा पाठ टेकून बसले.

"एक जुडी मार्चमध्ये तपासणीला गेली," पिंजऱ्यातून न्यादानी म्हणाले, हळू, चूक दाखवायची लाज वाटावी तसे. "नोंद आहे, साहेब. त्याच्याच खाली. पोरीची सही आहे."

मॅजिस्ट्रेटनी बोट एक ओळ खाली नेलं. बराच वेळ ते वाचत राहिले. मग नोंदवही मिटली नाही, उघडीच बाजूला ठेवली, आणि माझ्याकडे हात पुढे केला. त्यांचं पेन अजून माझ्या मुठीत होतं. मी ते परत दिलं.

"साक्षीदार, पिंजऱ्यात या. अजून काही सांगायचंय?"

गुडघ्यांवर दोन पांढरे गोल उमटले होते. मी ते झटकले नाहीत. मालुंगा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात सीमा होती, ट्रक होते, आणि एक माणूस होता, ज्याचा चेहरा मला आठवत नव्हता, आठ वर्षांतला पहिलाच पावसाळा आत काढणारा. मी एका दमात सुरुवात केली, "पहिल्या वजनाच्या वेळी माल ओला होता हे मला माहीत होतं मी तिथे हजर होते पोत्यातून पाणी गळत होतं ते मी अहवालात लिहिलं नाही आरोपीने खुलासा दिला होता तोही मी लिहिला नाही आणि ते शेहेचाळीस किलो ज्या दुसऱ्या खटल्यात..."

समोरच्या पिंजऱ्यात एक बोट वर आलं होतं. ते हवेत हळूहळू खाली येत होतं.

मी थांबले. पेनाकडे बघितलं. ते अजून 'ओला होता'पाशी होतं. मी त्याला तिथपर्यंत पोहोचू दिलं, पूर्णविराम देऊ दिला, मनगट झटकू दिलं. मग पुढचं वाक्य म्हटलं, एकेक शब्द सुटा करून.